चारशे अर्ज, एक अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्या अक्षरामुळे झालं. वाशीम जिल्ह्यात अनसिंगच्या बाजूला आमची वस्ती आहे. तिथून कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी मार्कशीट उलटी धरून वस्तीभर दाखवली आणि कोणी हसलं नाही, कारण सुलटी कशी असते हे तिथे फारसं कोणाला माहीत नव्हतं. तेव्हापासून मला नावानं कोणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे ‘बीये’ म्हणतात. नळाचा अर्ज बीये लिहिणार, लग्नाची पत्रिका बीये लिहिणार, सोयरीक मोडल्याचं पत्रही बीयेच लिहिणार. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे. पण आता कोणी कोरा कागद पुढे केला, की हात पेनाकडे जातो आणि मध्येच थांबतो.

एकोणीस वर्षं मी जिल्ह्यातल्या तूर उत्पादकांच्या एका मंडळाचा सचिव होतो. शहरातल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, “म्हणजे मोर्चे, घोषणा वगैरे?” मोर्चे दोन-तीन काढले, त्यातल्या एकात माझी चप्पल हरवली, यापलीकडे त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. खरं काम कागदाचं. परदेशातून तूर जहाजानं येते. बंदरावर सरकार तिच्यावर कर घेतं. कर असला की ती तूर महाग पडते आणि व्यापारी आमच्याकडे वळतो. कर उठवला की ती स्वस्त पडते आणि आमच्या पोत्यांकडे कोणी बघत नाही. हा कर कधी लावायचा, कधी उठवायचा, ते दिल्लीत ठरतं. ठरवण्याआधी सरकार विचारतं, कोणाला काही म्हणायचं आहे का? आयात करणाऱ्यांच्या संघटना आहेत, त्यांचे वकील आहेत, ते चार दिवसांत म्हणणं टाइप करून देतात. आमची माणसं तेव्हा वावरात असतात. आपल्याला काही विचारलं होतं, हेच त्यांना भाव पडल्यावर कळतं. ते वेळेत कळावं आणि आमचाही कागद त्या टेबलावर पडावा, एवढ्यासाठी मंडळ.

शहरातल्या माणसाला वरण महाग पडू नये, हे आम्हालाही कळतं. आमची लेकरंही पुण्यात डाळ विकतच घेतात. म्हणून बाहेरची तूर आणूच नका, असं आम्ही कधी म्हटलं नाही. आमची मागणी एवढीच होती, की आणायची असेल तर पेरणीच्या आधी सांगा. आणि आमची तूर बाजारात येते ते दोन-तीन महिने तेवढे सोडा.

हे लोकांना समजावणं सोपं नव्हतं. शेलूबाजारला पहिली बैठक घेतली तेव्हा गंगाराम आबा म्हणून एक म्हातारे पुढे बसले होते. मी तासभर बोललो. जहाज, बंदर, कर, दिल्ली. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बीये, हे जहाज येते कुठी?”

“मुंबईले, आबा.”

“आपल्या वाशीमले समुद्र नाई ना?”

“नाही.”

“मंग आपल्याले काहून बुडवून राह्यलं थे?”

सगळे हसले. मीही हसलो आणि बैठकीच्या वहीत लिहिलं, ‘आयातीच्या दुष्परिणामांवर सविस्तर चर्चा झाली.’ ही माझी खोड होती. माणूस काय बोलला ते मी लिहीत नव्हतो. शिकलेल्या माणसानं जे बोलावं असं मला वाटायचं, ते लिहीत होतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी कर उठवलेला होता. ती सूट पुढे चालू ठेवायची की नाही, यावर मतं ऐकायला सरकारनं एक समिती नेमली आणि समिती चक्क वाशीमला येणार असं ठरलं. फक्त एक अट होती. संघटनेला बोलायचं असेल तर तिच्या सभासदांनी आपापलं म्हणणं वेगवेगळ्या अर्जांवर द्यायचं आणि ज्याचा अर्ज त्यानंच खाली सही किंवा अंगठा करायचा. ‘आमच्यामागे हजारो शेतकरी आहेत’ असं नुसतं तोंडानं सांगणाऱ्या संघटना समितीला नको होत्या. अट रास्त होती. मुदत दहा दिवसांची.

आमचे अध्यक्ष दौलतकाका, मोठे शेतकरी, तापट आणि मनानं साफ. ते म्हणाले, “बीये, चारशे अर्ज पाह्यजे. एकबी कमी नाई. नाईतं थे म्हनतील, इथी मानसं राह्यतच नाईत.”

मी मोटरसायकल काढली. रोज दोन-तीन गावं. समाजमंदिरात सतरंजी, मांडीवर पाट, पाटावर अर्जांचा गठ्ठा. लोक रांगेनं येऊन बसत, बोलत, आणि मी लिहीत जायचो. शाईचा पॅड धरून बाजूला किसनदादा. किसनदादा माझा थोरला भाऊ. दोघांपैकी एकालाच शिकवता येईल असं घरात ठरलं, तेव्हा तो चौथीत होता. “बापूले शिकू द्या,” म्हणाला आणि दप्तर मला देऊन टाकलं. घरात मला बापू म्हणतात. दादाला मंडळाचं काम फार आवडायचं. मी लिहायला लागलो की तो माझ्या पेनाकडे बघत बसायचा, जसं कोणी सुताराच्या रंध्याकडे बघतं.

आमच्या वस्तीवर कमलामाय पहिल्या आल्या. नवऱ्यामागे चार एकर एकटीनं करणारी बाई. त्या म्हणाल्या, “लिही. पेराच्या आंधी सांगा म्हना. सोयाबीनच्या वळीत आमी तूर पेरतो, सा-सात मह्यने थे वावरात उभी राह्यते. शेंग भरली का मंग तुमी सांगता, का बाह्यरून तूर येऊन राह्यली. उगवलेलं झाड का मी मातीत वापस घालू?”

मी लिहिलं, ‘आयातविषयक धोरण पेरणीपूर्वी जाहीर करण्यात यावे, ही नम्र विनंती.’

“वाचून दाखव,” त्या म्हणाल्या. मी वाचलं.

“हे म्या म्हनलं?”

“हेच, माय. फक्त चांगल्या भाषेत.”

“असंन बापा,” म्हणून त्यांनी अंगठा दिला.

असे एकामागून एक. सगळ्यांच्या तोंडी मी तीच नम्र विनंती घातली. आठव्या दिवशी मोजले तर थोडे कमी पडत होते. आणि इथे मी ती चूक केली.

आमच्याकडे घरातला एक माणूस आला की घर आलं असं धरतात. पंगतीचं आमंत्रण एकाला दिलं की सगळ्यांना पोचलं. सही एकानं केली की सगळ्यांची झाली. त्यात कोणाला फसवणं नसतं. हंगाम असा, की आमच्या वस्तीवरची कितीतरी माणसं तेव्हा ऊसतोडीला गेलेली. शेजारचा शेषराव सभासद होता, तोही गेलेला. त्याचे वडील म्हणाले, “त्याचंबी लिहून टाक ना. थो काय येगळं म्हननार हाय?” मी शेषरावचा अर्ज लिहिला. त्यावर त्याच्या वडिलांनी अंगठा दिला.

दादानं पॅड मागे घेतला. “बापू, चालते ना हे?”

‘अर्जदाराने स्वतः’ हे शब्द अर्जावर छापलेले होते. त्या सतरंजीवर ते वाचून त्यांचा अर्थ कळणारा मी एकटा होतो.

“चालते,” मी म्हणालो.

असे अकरा अर्ज झाले. चारशे भरले. मंडळाच्या खोलीत त्यांची झेरॉक्स काढून ठेवली, मूळ अर्ज समितीकडे पोचते केले आणि त्या संध्याकाळी मी फार खुशीत होतो. दौलतकाकांनी गठ्ठा चाळून पाहिला होता आणि म्हणाले होते, “छापल्यासारखं दिसून राह्यलं बाप्पा!”

पंधरा दिवसांनी रजिस्टर पोस्टानं एक पाकीट आलं. आयात करणाऱ्यांच्या संघटनेच्या वकिलानं समितीकडे हरकत घेतली होती, तिची ही प्रत. चारशेही अर्ज एकाच माणसाच्या हातचे आहेत. मजकूर शब्दशः सारखा आहे. म्हणजे शेतकऱ्यांनी काहीही म्हटलेलं नाही, मंडळाच्या सचिवानं हे घरी बसून बनवलेलं आहे. सर्व अर्ज बाद करावेत, मंडळाला बोलू देऊ नये आणि बनावट दस्तऐवज केल्याबद्दल संबंधितावर कारवाई व्हावी. सोबत समितीचं पत्र. सुनावणीच्या दिवशी काही अर्जदारांना नावानिशी पुकारून खातरजमा केली जाईल.

‘संबंधित’ म्हणजे मी. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मी हा शब्द लिहीत आलो होतो.

पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला ओळी दिसेनात. मी खोलीचं दार आतून लावलं. का लावलं ते माहीत नाही, बाहेर कोणी नव्हतं. पोलीस आले तर आधी इथे येतील का घरी, असा विचार चालू होता. वस्तीवर जीप आली की लोक घराबाहेर येतात. सगळे बघतील. बीयेला घेऊन चालले म्हणतील. वडील नव्हते हे बरं झालं, असंही मनात येऊन गेलं, आणि त्याची फार लाज वाटली.

दौलतकाकांना फोन केला. ते उसळले. “अक्षर एक हाय तं काय झालं? गावात लिहिनाराच एक हाय! त्या वकिलाले म्हना, ये इथी अन् तू लिही!” काकांना धीर होता, कारण त्यांना त्या अकरा अर्जांचं माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि “हो काका” एवढंच निघालं.

दोन दिवसांनी वाशीमच्या बाजारात चहा घेत होतो. एक जुना ओळखीचा अडत्या बाजूला येऊन बसला. त्याचा आयातीच्या धंद्यात हात होता. हसतमुख माणूस. दादाची तूर दर वर्षी तोच घ्यायचा.

“बीये, अक्षर लय झाक हाय बाप्पा तुमचं. वकीलसायबानं दाखवलं. म्या लांबूनच वळखलं.”

मी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

“घाबरून राह्यले का? अहो, तुमी आमी घरचे. मले वाटते, तब्येत बरी नाई म्हनून कळवून टाका. मंडळानं अर्ज वापस घेतले का गोष्ट मिटली. कोनाले कायले जेलीत पाठवाचं?” त्यानं माझ्या चहाचे पैसे दिले, गुडघ्यावर थाप मारली आणि गेला. त्यानं आवाज चढवला असता तर मला कमी भीती वाटली असती.

त्या दिवशी घरी आलो तो ते अकरा झेरॉक्स घेऊनच. चुलीत तुराट्या जळत होत्या. मी कागद घेऊन चुलीपुढे उकिडवा बसलो. सुनंदानं, माझ्या बायकोनं, भाकर थापता थापता विचारलं, “काय होय थे?” मी सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

“इथले जाळसान. अन् तिथले कसे जाळसान?”

मूळ अर्ज समितीकडे होते. इतकं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बी.ए. माणूस मी.

“दादाले सांगा,” ती म्हणाली. “पॅड त्यानंच धरला होता ना?”

दादाला वावरात जाऊन सांगितलं. तूर कमरेच्या वर आली होती, शेंगा अजून हिरव्या. तो धुऱ्याच्या बांधावर बसून ऐकत होता. आधी आम्ही शेषरावला फोन लावला. तिकडून त्याचा आवाज आला, “बीये, कारखाना जोरात चालू हाय, मुकादम सोडून नाई राह्यला. काय काम होतं?” मी म्हटलं, काही नाही, सहज. मग दादा म्हणाला, “ते अकरा कोन कोन? नावं सांग.” मी सांगितली. त्यानं बोटांवर धरली. त्याला लिहून घ्यायची सवय नाही, एकदा बोटांवर धरलं की विसरत नाही.

“घाबरू नोको,” तो म्हणाला. “म्या हाय.”

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळायला हवा होता.

सुनावणीच्या सकाळी मी त्या अकरा नावांची चिठ्ठी करून शर्टाच्या खिशात ठेवली. ती बाहेर काढायची की नाही, हे ठरवलं नव्हतं. दादाला मागे बसवून निघालो आणि वाटेत दोनदा मोटरसायकल थांबवून खिसा चाचपला. एकदा ती पडली असावी, असं मनापासून वाटलं. पडली नव्हती.

सरकारी हॉल भरलेला होता. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी बाई, पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्यापुढे आमचे गठ्ठे. वकिलानं सुरुवातच केली, “मॅडम, कोणताही अर्ज उचला. ‘ही नम्र विनंती’ बघा. आता दुसरा उचला.” त्यानं एका अर्जाची मोठी करून आणलेली प्रत सगळ्यांना दाखवली. माझं अक्षर मी एवढं मोठं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच कोणाचं वाटत होतं. मागच्या रांगेत तो अडत्या बसला होता. त्यानं माझ्याकडे बघून मान झुकवली.

मॅडमनी पहिलं नाव पुकारलं ते कमलामायचं.

“हा अर्ज तुम्ही लिहिला?”

“म्या कशी लिहीन बाई? मले येतच नाई. बीयेनं लिहिला.”

वकील मागे रेलून बसला.

“मग यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे?”

“थे त्याची भाषा हाय. म्या काय सांगतलं होतं, थे सांगू?”

“सांगा.”

कमलामायनी सांगितलं. पेरा, सोयाबीनच्या ओळी, वावरात उभी असलेली तूर, शेंग भरणं आणि ते मातीत परत घालायचं झाड. सगळं, जसं सतरंजीवर सांगितलं होतं तसं. टिपण घेणारा मुलगा दोनदा म्हणाला, जरा हळू. मॅडमनी चष्मा काढला होता आणि नुसत्या ऐकत होत्या. मग गंगाराम आबांना बोलावलं. आबांनी वाशीमला समुद्र नाही ते सांगितलं. हॉल हसला आणि मॅडम लिहिणाऱ्याला म्हणाल्या, “हे घ्या. असंच्या असं घ्या.”

आणखी चार-पाच जण झाले. प्रत्येकजण म्हणाला, बीयेनं लिहिलं, आणि मग स्वतःचं बोलला. एकाचं दुसऱ्यासारखं नव्हतं. सुटलो की काय, असं वाटायला लागलं.

“शेषराव,” मॅडमनी पुकारलं आणि आमच्या वस्तीचं नाव घेतलं.

कोणी उठलं नाही. वकिलानं वळून पाहिलं. मॅडमनी परत पुकारलं. मी समोरच्या टेबलाच्या पायाकडे बघत होतो. मागे बाक करकरला.

“हाव. म्याच.”

तो आवाज मी जन्मापासून ओळखतो. किसनदादा उभा होता. धुतलेला पांढरा सदरा, टोपी हातात. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

“शेषराव आपणच?”

“हाव बाई. म्याच.”

एका अर्जावर दुसऱ्याचा अंगठा, ही चूक होती. समितीपुढे उभं राहून दुसऱ्याचं नाव सांगणं, हा गुन्हा होता आणि तो आता माझा भाऊ करत होता. मागच्या रांगेतला अडत्या त्याला चांगला ओळखत होता. तो हळूच पुढे वाकला, वकिलाच्या खांद्यापर्यंत. त्यानं तोंड उघडायच्या आधी मी उठलो.

लोक मला म्हणतात, खरं बोललास. मी खरेपणानं उठलो की अडत्या बोलेल या भीतीनं, हे मला आजही सांगता येत नाही. पाय उठले एवढं खरं.

“मॅडम, हे शेषराव नाहीत. हे किसन. माझे सख्खे भाऊ. शेषराव ऊसतोडीला गेलेत. त्या अर्जावरचा अंगठा त्यांच्या वडिलांचा आहे.”

दादा हळू म्हणाला, “बापू, बस खाली.”

“नाही, दादा.”

“बस म्हनतो ना.”

मी उभाच राहिलो. मॅडमनी विचारलं, “असे आणखी किती अर्ज?”

“हा धरून अकरा.” मी चिठ्ठी काढली. ती घामानं ओली झाली होती.

वकील बोलायला उठला, मॅडमनी त्याला हातानं बसवलं. माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, “आत्ता जे सांगितलंत ते लिहून द्या. स्वतःच्या अक्षरात.” मी पेन धरलं. पहिली ओळ कागदावरून खाली घसरली. दुसरी वर चढली. त्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “आधी पाणी प्या,” त्या म्हणाल्या. मी प्यायलो, अर्धं सदऱ्यावर सांडलं आणि आयुष्यातलं सगळ्यांत घाण अक्षर त्या कागदावर काढून दिलं.

अकरा अर्ज बाद झाले. बाकीचे राहिले. पण त्यांतला माझा मजकूर धरायचा नाही, हॉलमध्ये लोक जे बोलले ते धरायचं, असं ठरलं. दादाला मॅडमनी जवळ बोलावलं आणि असं पुन्हा करू नका, यात अटक होऊ शकते, एवढं सांगून सोडलं. माझ्याबद्दल कामकाजात एक ओळ चढली, ‘मंडळाच्या सचिवांना समज देण्यात आली.’ ती ओळ सरकारी कपाटात कायमची आहे. मंडळाला बोलू दिलं. दौलतकाका उठले, आधी माझ्याकडे जळजळीत बघितलं आणि मग आयुष्यात बोलले नव्हते इतकं चांगलं बोलले.

बाहेर येऊन मी दादाला शोधलं. तो निघून गेला होता. मोटरसायकलवर माझ्यामागे बसून आला होता, परत एसटीनं गेला.

निकाल आमच्या मनासारखा लागला नाही. करातली सूट त्या वर्षी चालूच राहिली. पुढच्या वर्षी घोषणा जरा लवकर झाली. ती आमच्यामुळे झाली की आणखी कशामुळे, मला माहीत नाही आणि मी तसा दावा करणार नाही. पण समितीचा अहवाल मी मागवून वाचला. त्यात माझं एकही वाक्य नव्हतं. कमलामायचं झाड होतं, आबांचा समुद्र होता. जवळजवळ चारशे माणसं माझ्यासमोर बसून असं काय काय बोलली होती आणि मी सगळ्यांचं धुऊन, इस्त्री करून एकसारखं केलं होतं. ज्यांना पुकारलं गेलं नाही, त्यांचं बोलणं गेलं ते गेलंच. ते आता त्यांनाही आठवत नाही. मी विचारून पाहिलं.

दादा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. वावराला वावर लागून, घराला घर लागून. मी दारात उभा असलो की तो सुनंदाला म्हणायचा, “त्याले सांग, मोटर बंद केली म्या.” एकदा मी मध्येच म्हटलं, “दादा, म्या तुयाचसाठी उठलो होतो.” तो सुनंदालाच म्हणाला, “त्याले सांग, म्याबी त्याच्याचसाठी उठलो होतो.”

पुढच्या हंगामात सरकारनं पुन्हा लेखी मतं मागवली. मी काकांना सांगितलं, या वेळी मी एक अक्षरही लिहिणार नाही. ज्याचं त्यानं लिहावं, येत नसेल तर घरातल्या कोणाकडून बोललेलं जसंच्या तसं लिहून घ्यावं आणि जो गावात नाही त्याचा अर्ज नाही. काका म्हणाले, “पन्नासबी येनार नाईत.” मलाही तीच भीती होती. मंडळाच्या वाशीमच्या खोलीत मी आलेले कागद नोंदवत बसायचो. अर्ज यायला लागले. हळदीचे डाग पडलेले, वहीतून फाडलेले, ओळी वाकड्या, निम्मे शब्द चुकीचे. प्रत्येक कागद हातात घेतला की बोटं शिवशिवायची आणि त्याच वेळी वाटायचं, हे घेतील का, हे तरी टिकेल का. चारशे झाले नाहीत. अर्ध्याच्या थोडे वर झाले.

शेवटच्या दिवशी दुपारी दारात किसनदादा उभा. वस्तीवरून एसटीनं आला होता. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. नंतर सुनंदाकडून कळलं, तीन दिवस तो ओसरीवर बसून लिहीत होता आणि कोणाला जवळ येऊ देत नव्हता.

मी कागदाकडे हात नेला. दादा म्हणाला, “वाच. पन आंधी पेन खाली ठेव.”

वर्षभरानं तो माझ्याशी बोलला होता. मी पेन खाली ठेवलं, टोपण लावलं आणि घडी उघडली. चौथीतल्या मुलासारखी मोठी, ओळीबाहेर गेलेली अक्षरं. पहिली ओळ होती, ‘मी किसन हाय. हे मीच लिहून राह्यलो. कोनाले काही इचाराचं असंन तं मले इचारा.’